दहा फुटांचं पाणी सातला

माझ्या साडूने मला फसवलं. मला सात फूट सांगितलं आणि माझ्याच माणसाला दहा. असा प्राणी अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. असता, तर त्यालाही आमच्या सासऱ्यांनीच जावई करून घेतलं असतं.

हा गृहस्थ गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बसून पूर्वेकडच्या समुद्राचं गणित मांडतो. गोदावरी फाटे फोडून समुद्राला मिळते तिथे वादळी वारा सुटला, तर पाणी किती चढेल आणि गावात किती आत शिरेल, ते त्याचा कॉम्प्युटर सांगतो. नदी आपल्याकडची, मग तिच्या सासरची चौकशी आपणच करायची, असं त्याचं म्हणणं. त्याच्या घरी परात कधी मोकळी नसते. तिच्यात कणकेचा उतरता किनारा, त्याला लागून पाणी आणि समोर टेबलफॅन. एकदा मी शिव्या घालत घालत तासभर तिथेच बसलो. समुद्र उथळ केला की तेवढ्याच वाऱ्याने पाणी जास्त चढायचं. कणकेत खाडी कोरली की ते मागच्या बाजूने गावात शिरायचं. मेहुणी पोळ्यांसाठी ताटकळलेली, आणि मीच सांगतोय, पंखा तीनवर कर. रस्त्यात एखादा फ्लेक्स फडफडला की हा स्कूटर थांबवून वाऱ्याचा वेग सांगणार. भाजी मात्र भाजीवाली म्हणेल त्या भावाने घेणार. घासाघीस त्याला जमतच नाही. समोरचा दुसऱ्यांदा बोलला की मान खाली.

तिथेच घात झाला. नदीच्या त्याच मुखाजवळच्या गावात माझं कांद्याचं गोदाम होतं. वेंकट ते सांभाळायचा, बायको आणि दोन मुलींना घेऊन तिथेच राहायचा. वादळाची बातमी आली तसा मी साडूकडे गेलो.

"आठ ते दहा फूट, दादा. दहाच धरा."

माझी सगळी हयात लासलगावच्या लिलावात गेली. पहिला आकडा चढाच असतो. मी सहा म्हणालो.

"पाणी आहे दादा, कांदा नाही."

मी आवाज चढवला, त्याचा कॉम्प्युटर काढला, त्याची डिग्री काढली. शेवटी तो सातावर आला. गोदामाचा माळा आठ फुटांवर. मी तिथूनच वेंकटला फोन लावला: गोण्या माळ्यावर चढव आणि तुम्हीही वरच थांबा, मालावर लक्ष राहील.

मी जिना उतरत होतो तेव्हा साडूने त्याच वेंकटला फोन करून मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, पाणी दहा फूट येणार, माल सोडा, शाळेच्या गच्चीवर जा.

माळ्यावर हातभर पाणी चढलं. कांदा गेला. चौघं गच्चीवर होती म्हणून वाचली. हे मला कळलं ते वेंकटने साडूसाहेबांना नमस्कार सांगायला फोन केला तेव्हा. मी तडक साडूकडे गेलो.

"तुमच्याशी भांडायला वेळ नव्हता, दादा," एवढंच तो म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

वेळ नव्हता, मान्य. पण माळ्यावर दोन पोरी असतील, एवढं एक वाक्य तो माझ्याशी बोलला असता, तर मी पुढे शब्द काढला नसता. निदान मला तसं वाटतं. हल्ली रविवारी मी त्याच्याकडे जाऊन बसतो. तो परातीतलं पाणी दाखवतो, मी पाहतो. त्या वाक्याचा विषय कोणी काढत नाही. तो ते बोलला असता तरी मी ऐकलं नसतं, असं त्याने कशावरून ठरवलं? याचं उत्तर त्याने मला तोंडावर द्यावं.