पहिल्या खुर्चीतली बाई

शाळेच्या गणवेशांची निविदा निघाली की पनवेलच्या आमच्या कचेरीत इच्छुकांची बैठक व्हायची. गणवेश शिवून देणारी एक बाई दरवर्षी यायची, गळ्यातली मापाची टेप काढायला विसरून, आणि पहिल्याच खुर्चीत बसायची. नाव मी कधी विचारलं नाही.

एका ठेकेदाराला काम मिळावं म्हणून मी एका वर्षी अट घातली, की पुरवठादाराचा स्वतःचा कारखाना हवा. तिच्याकडे गावातल्या बायका आणि त्यांच्या घरची मशिनं होती.

"ताई, घरी बसून ब्लाउज शिवा," ठेकेदार हसला.

"घरीच शिवते, म्हणून तुज्याहून सस्तात देते," म्हणत ती माझ्याकडे वळली. "साहेब, कपडा कारखान्यात शिवला का ओटीवर, पोराला काय त्याचं? अंगाला बसला म्हंजे झालं."

"नियम आहे," मी म्हणालो. तिनं टेप बोटांवर गुंडाळली आणि ती उठली. पुन्हा आली नाही.

आता मी निवृत्त आहे, निविदा ऑनलाइन निघतात, पण जुनाच मसुदा पुढे ओढायची सवय गेलेली नाही. यंदाही माझी अट त्यात जशीच्या तशी आहे. उद्या कचेरीत बैठक आहे. मी पहिल्या खुर्चीत बसणार आहे. ती अट कुणी आणि कुणासाठी लिहिली, हे सगळ्यांसमोर सांगेन, आणि ती काढेपर्यंत उठणार नाही.