हात गार लागतुय का?

तापावर मनापासून प्रेम करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. कोणाचा जीव सोन्यात असतो, कोणाचा शेतात. कोल्हापुरात तर म्हशीवर जीव टाकणारीही माणसं आहेत. अप्पांचा जीव तापात. नुसतं अंग कोमट करणारा लेचापेचा ताप त्यांच्या खिजगणतीत नव्हता. चांगला सणसणून चढलेला, दात वाजवणारा, पांघरुणासकट माणसाला गदागदा हलवणारा ताप पाहिला की त्यांचा चेहरा असा काही खुलायचा, की आजाऱ्याच्या बायकोला राग यावा. तो यायचाही.

या प्रेमाची ओळख मला मुलगी बघायला गेलो त्या दिवशीच झाली. नव्वदनंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. मी जयसिंगपूरचा, बँकेत कारकून, अंगानं किडकिडीत आणि बारमाही सर्दीचा धनी. पोहे झाले, चहा आला. अप्पांनी पगार विचारला नाही की घरदार विचारलं नाही. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "पावणं, ताप किती चढतुय तुमास्नी?" माझ्या आईला वाटलं, मुलाच्या तब्येतीबद्दल कोणीतरी यांचे कान भरलेत. ती ताठ झाली आणि ठासून म्हणाली, की आमच्या मुलाला ताप कसा तो ठाऊकच नाही. झालं, अप्पांचा चेहरा पडला. ते आत गेले आणि सासूबाईंच्या कानात कुजबुजले. पण त्यांची कुजबुज म्हणजे बाकीच्यांचं भांडण, त्यामुळे पोरगं थंड असल्याचा निकाल आम्हाला बैठकीत स्वच्छ ऐकू आला. मुलगी मला आवडली होती. मी धीर करून हाक मारली आणि सांगितलं, की कॉलेजात असताना मला टायफॉईड झाला होता, एकशे चारपर्यंत चढला होता आणि मी खोलीतल्या मुलांना मास्तर समजून उत्तरं देत होतो. अप्पा बाहेर आले, माझ्या पाठीत एक थाप घातली आणि साखर आणायला सांगितली. पोराचं लग्न टायफॉईडनं जमवलं, असं आई पुढे कित्येक वर्षं सांगायची.

शाहूपुरीत अप्पांचं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. आजूबाजूच्या गावांतून, थेट मलकापूरकडून सुद्धा, बैलगाडीत नाहीतर टेम्पोत घालून इंजिनं यायची आणि अप्पा आधी त्यांच्या अंगावर तळहात ठेवायचे. त्यांचं सगळं वैद्यक त्या दुकानात तयार झालेलं. "थंड इंजान म्हंजे बंद इंजान," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. शरीरात रोग शिरला की आतलं इंजान भडकतं, रोग भाजून निघतो आणि घामावाटे बाहेर पडतो, असं त्यांचं साधं सरळ गणित. ताप उतरवायची गोळी म्हणजे त्यांच्या लेखी चालत्या इंजिनावर ओतलेलं पाणी. गल्लीतले डॉक्टर वयानं त्यांच्या निम्मे. ते बिचारे सांगून थकले, की अप्पा, लहान पोरांना फार ताप चढू देऊ नये, आकडी येते. पोरांपुरतं अप्पांनी ते ऐकलं. मोठ्यांच्या बाबतीत ते कोणाचंच ऐकत नसत.

इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, अप्पा थर्मामीटर लावत. पण त्यांचा खरा भरवसा हातावर. गल्लीत कोणी अंथरूण धरल्याचं कळलं की दुकानात असले तर हात पुसत, घरात असले तर तोंड पुसत तिथे हजर. आजाऱ्याच्या कपाळावर तळहात ठेवायचा आणि विचारायचं, "हात गार लागतुय का?" लागतोय म्हटलं, की अप्पा खूश. माझा हात गार लागतुय म्हंजे तुझं अंग तापलंय, अंगात दम हाय, असा हिशेब. मग ते अंदाजानं आकडा सांगत, थर्मामीटर लावत, आणि दोन्हींचं जमलं नाही तर थर्मामीटर झटकून त्याला शिव्या देत. तो आकडा त्यांना बरोबर आलेला मी तरी कधी पाहिला नाही. नंतर सासूबाईंनी केलेलं हुलग्याचं माडगं यायचं, तिखटजाळ, लसणाचं. ते पिऊन आजारी माणूस बरा व्हायचा की घाबरून उठून बसायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला मी तापलो, तेव्हा अप्पा दुकान बंद ठेवून दिवसभर माझ्या उशाशी बसले होते. माझ्या स्वतःच्या वडिलांनी मला इतकं न्याहाळून कधी पाहिलं नव्हतं, हेही इथे सांगून टाकतो.

त्यांना स्वतःला वर्षातून एकदा ताप यायचा, आणि तो घरात सणासारखा व्हायचा. दोन घोंगडी अंगावर, खिडक्या बंद, आणि ताप वर गेला की अप्पा कानडीत बोलू लागत. एरवी घरात सगळा कारभार मराठीत. पण त्यांची आई निपाणीच्या पलीकडची. तापात ते छताकडे बघत मऊ आवाजात म्हणायचे, "अव्वा, बंद्या?" आई, आलीस का? माझी बायको सांगायची, की लहानपणी त्या आवाजाची तिला भीती वाटायची, कारण तो अप्पांचा वाटायचाच नाही. दुसऱ्या दिवशी घामानं निथळून ते उठत, आंघोळ करत, चार भाकऱ्या हाणत आणि दुकानात जाऊन कामगारांवर ओरडत. मला वाटायचं, हा माणूस आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाईल.

सत्तरी ओलांडल्यावर अप्पांच्या कमरेला नागीण उठली. डॉक्टरांनी समजावलं, की लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना, त्यांचा विषाणू तेव्हापासून मज्जातंतूत निपचित पडून असतो. वय झालं, प्रतिकारशक्ती ढिली पडली, की तो पुन्हा डोकं वर काढतो. अप्पांना रोगाचं काही वाटलं नाही, त्याच्या चिकाटीचं वाटलं. "म्हंजे ह्यो भाडेकरू इतकी वर्सं आमच्यातच हुता व्हय?" ते आल्यागेल्याला फोड दाखवून हा भाडेकरू सांगत. गल्लीतल्या एका आजींनी गेरूसारखी तांबडी काव लावायला सांगितली, तीही त्यांनी डॉक्टरांच्या मलमावरून लावली. पण आग होत असताना ते दर तासाला थर्मामीटर लावत होते, आणि पारा जागचा हलत नव्हता. फोड सुकले, तरी अप्पा गप्प गप्पच राहिले. त्या वर्षी त्यांचा नेहमीचा ताप आलाच नाही. पुढच्याही वर्षी नाही.

मग एका थंडीत त्यांना खोकला झाला. खाणं तुटलं, दुपारभर झोपून राहू लागले, एकदा माझ्या बायकोला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. आम्ही थर्मामीटर लावला. ताप नव्हता. आम्ही सगळे अप्पांच्याच शाळेत शिकलेले, त्यामुळे ताप नाही म्हणजे काही नाही, असं म्हणून निर्धास्त झालो. डॉक्टर सहज म्हणून डोकावले, अप्पांचा श्वास बघितला आणि तसेच दवाखान्यात हलवायला सांगितलं. न्यूमोनिया होता, दोन्ही बाजूंनी. बाहेरच्या बाकावर डॉक्टरांनी मला शांतपणे सांगितलं, की म्हातारपणी शरीर उशिरा जागं होतं आणि अर्धवट लढतं. जंतू आत पसरले तरी ताप काढण्याइतका जोर अंगात नसतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या तापाची वाट बघायची नसते. मी हे ऐकून घेतलं आणि अप्पांना सांगायचं नाही असं ठरवलं. पण त्यांना ते माझ्या आधी कळलं होतं.

दुपारी सासूबाई जेवायला घरी गेल्या होत्या. अप्पांनी खुणेनं मला जवळ बोलावलं.

"पावणं, लोकांस्नी वाटतंय, म्हाताऱ्याला तापाचा नाद हाय. तसं न्हाय." मग बराच वेळ खोकले. "म्या लहान असतानाच अव्वा गेली. फोटू न्हाय, काय न्हाय. ताप चढला की तेवढी येती. उशाला बसती, कपाळावर हात ठेवती. ओला, गार हात. आता तापच येईना, तर ती कशी येनार?"

पाणी देऊ का, असं काहीतरी मी विचारलं. "तोंड इसरत चाललोय की तिचं," एवढं म्हणून ते भिंतीकडे वळले. इतकी वर्षं मी ज्याची नक्कल करून मित्रांना हसवत आलो होतो, तो नाद असा एकाएकी माझ्या हातात आला, आणि मला त्याचं काय करावं ते सुचेना.

त्या खेपेला अप्पा घरी आले, पण दुकानात गेले नाहीत. खिशातला थर्मामीटर गेला. गल्लीत कोणी आजारी पडलं तरी उठत नसत. वर्षाच्या आतच छातीनं पुन्हा धरलं. या वेळी डॉक्टरच म्हणाले, की आता घरातच असू द्या, आपल्या माणसांत. मी बँकेतून परस्पर आलो. अप्पांचं अंग माझ्या हातापेक्षा थंड होतं. त्यांनी डोळे उघडून मला पाहिलं आणि ओठ हलवले. ते काय विचारत होते, हे घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

मी मोरीत गेलो. बादलीतल्या गार पाण्यात हात बुडवून ठेवला, बोटं बधिर होईपर्यंत. मग पंचाला नुसता टिपला आणि येऊन त्यांच्या कपाळावर ठेवला.

"अप्पा, हात गार लागतुय का?"

नकला सोडल्या तर जयसिंगपूरच्या माझ्या जिभेवर ती भाषा पहिल्यांदाच आली. त्यांनी मान हलवली, व्हय म्हणून. "चढलाय," मी म्हणालो. "एकशे तीन तरी असंल." सासूबाईंनी दचकून माझ्याकडे पाहिलं, थर्मामीटर शोधायला उठू लागल्या, बायकोनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. अप्पांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. डोळे मिटूनच, त्या मऊ आवाजात, जो त्यांचा वाटायचा नाही, ते म्हणाले, "अव्वा, बंद्या?" त्यानंतर ते मराठीत बोलले नाहीत. मला कानडी येत नाही. मी हात तसाच ठेवून बसलो, आणि तो गरम झाला की पुन्हा मोरीत जाऊन भिजवून आणत राहिलो.

माझ्या आईनं मला ताप येत नाही म्हणून थाप मारली होती, ती मीच त्यांच्यापुढे उघडी पाडली. माझी थाप त्यांनी पकडली की नाही, ते मला कधीच कळणार नाही. इंजिनाच्या अंगावर हात ठेवून त्याचं दुखणं सांगणारा माणूस होता तो.

आता मीही निवृत्त झालो आहे. परवा सर्दी-खोकल्यानं दोन दिवस पडून होतो. बायकोनं कपाळावर हात ठेवला आणि ताप नाही, पण डॉक्टरांना दाखवून येऊ म्हणाली. घर आता शहाणं झालंय. मी तिला म्हटलं, हात काढू नकोस, राहू दे थोडा वेळ. आणि डोळे मिटून, तो गार लागतोय का, याची वाट पाहत पडून राहिलो.