आईच्या गळ्याचं ऑपरेशन

आईच्या गळ्याला गाठ आली तेव्हा मी नववीत होते. आधी सुपारीएवढी होती, वर्षभरात लिंबाएवढी झाली. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत ती गळ्याभोवती पदर गुंडाळून वावरायची. मालाडच्या बाजारात भाजी विकताना मात्र ओरडावंच लागे, आणि ओरडलं की तिला धाप लागायची.

बाबांची गिरणी बंद पडली होती. अंधेरीच्या एका कारखान्यात ते वॉचमन होते. स्टेशनजवळच्या खासगी डॉक्टरांनी ऑपरेशनचा खर्च सांगितला. त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "खोली विकू. गावाला जाऊन राहू."

"खोली इकूची नाय," आई तिच्या मालवणीत म्हणाली. "पोरीची शाळा हय आसा."

समोरच्या खोलीतल्या मावशी पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात आया होत्या. आई सरळ त्यांच्याकडे गेली.

"अगं, हेच ऑपरेशन आमच्याकडे मोठे डॉक्टर करतात," मावशी म्हणाल्या. "पैसे नावाला. पण चकरा माराव्या लागतील. कोणी हाकललं तरी हलायचं नाही."

बाबांना धास्ती होती. "तिथे गेलेलं माणूस परत येतं का?"

"मी रोज बघते ना, भाऊ. चालत घरी जातात."

आई चार महिने चकरा मारत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दर मंगळवारी शाळा बुडवून मी पाट्या वाचायला सोबत जायचे. केसपेपर, रक्ताची तपासणी, एक्स-रे. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. दुसऱ्यांदा कारकून म्हणाला, "पुढच्या महिन्यात या." आई खिडकीवरून हललीच नाही.

"पुढच्या महिन्यापर्यंत गाठ थांबतली काय? डॉक्टराक इचारून येवा. मी हय उभी आसय."

मागची रांग कुरकुरायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी कारकून उठला, आत जाऊन आला आणि पुढच्याच आठवड्याची तारीख लिहून दिली.

रक्ताच्या दोन बाटल्या लागणार होत्या. सुईला घाबरणारे बाबा सगळ्यात आधी निघाले. त्यांच्यामागून मावशींचे यजमान आणि चाळीतले आणखी चौघे आले. दोघांचं घेतलं, बाकीच्यांना परत पाठवलं, तर ते चक्क रुसले.

आवाज जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भाजीवालीचा आवाज गेला तर राहिलं काय? ऑपरेशनच्या दिवशी दुपारी आईला थिएटरबाहेर आणलं. तरुण डॉक्टर तिच्यावर वाकले. "ताई, काहीतरी बोला बघू."

आईने डोळे अर्धवट उघडले. "माका पाणी देवा."

आवाज घोगरा होता, पण तिचाच होता. "बोलली! बोलली!" बाबा व्हरांड्यात भेटेल त्याला सांगत सुटले. झाडूवाल्यालासुद्धा त्यांनी मिठी मारली. पुढे तपासणीत गाठही साधीच निघाली, कॅन्सरची नव्हती.

दोन महिन्यांत आई बाजारात परत बसली. गळ्यावरची खूण तिने पदराखाली कधी झाकली नाही. चाळीत कोणाला ऑपरेशन सांगितलं की बायका रडत आमच्याकडे यायच्या. आई चप्पल पायात सरकवत म्हणायची, "आधी केसपेपर काढ, मगे रड."

शेजारच्या चाळीतल्या काकांना हर्नियासाठी तीच घेऊन गेली. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत ते चाळीच्या नळावरून स्वतः चालत घरी येताना दिसले. त्यांची बायको दारातून हसत बघत होती.