विशेष गरज : काही नाही

"दोघंबी असलीच?"

हॉस्पिटलच्या गेटवरच्या माणसाने आधी माझ्या कुबडीकडे पाहिलं, मग माझ्या तीनचाकी स्कूटरवर मागे धापा टाकत बसलेल्या सुमनकडे. सुमन माझी बायको. मी त्याला एवढंच सांगितलं होतं की हिला जन्मापासून ऐकू येत नाही, मी आत बरोबर राहतो. त्यावर तो हे म्हणाला. मग आतल्या क्लार्कला हाक मारून, अगदी खुशीत :

"ओ सायेब, जोडी बघा की! एक लंगडं, एक भैरं. आता ह्येंचं लाड कुणी करायचं?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. कोरोनाची दुसरी लाट होती, माणसं पटापट मरत होती, हसायला कुणाला काही मिळत नव्हतं. त्यांना मी मिळालो.

आणि खरं सांगतो, मीही हसलो. नुसता हसलो नाही, वर भर घातली. "भांडाण झालं तर तिला ऐकू येत न्हाय, आन मला पळून जाता येत न्हाय. म्हणून तर संसार टिकलाय!"

आता सगळी रांग हसली. सुमनने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. तोंडांवर मास्क. तिला फक्त हलणारे खांदे दिसले. तिने बोटांनी विचारलं, काय झालं?

मी हातांनी सांगितलं, चांगली माणसं आहेत.

ही माझी जुनी खोड. डावा पाय पोलिओने लहानपणीच नेला, त्याची भरपाई मी तोंडाने केली. शाळेत वरच्या वर्गात जायला बसून बसून पायऱ्या चढायचो आणि चढताना एसटीच्या कंडक्टरसारखी घंटी वाजवायचो. पोरं लोळायची. कुणी उचलायला आलं की ठरलेलं उत्तर : जमतंय की. राजारामपुरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्यालाही तीन पायऱ्या. मालकाला म्हणालो, व्यायाम होतोय. पन्नाशीपर्यंत मी कुणाकडे काही मागितलं नाही. फार अभिमान होता मला त्याचा. येडं.

सुमनशी लग्न ठरवायला गेलतो तेव्हाही असाच शहाणपणा केला. मूकबधिर शाळेतल्या एका बाईंकडून आठ दिवस खुणा शिकलो आणि सगळ्यांसमोर ऐटीत हात हलवले. मला म्हणायचं होतं, मी तुला सुखात ठेवीन. मी म्हणालो, माझी म्हैस आजारी आहे. सुमन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि हो म्हणाली. तेवीस वर्षं ती शिवाजी पेठेतल्या तालमींच्या फुटबॉल टीमचे शर्ट शिवायची. मॅच हरली की पोरं येऊन रुसून बसायची, आणि ही त्यांना हातांनी अशा शिव्या घालायची की त्यांना एक अक्षर कळायचं नाही, पण सगळं लागायचं.

ती ओठ वाचायची. मास्क आले आणि तिचं उरलेलं ऐकणंही गेलं.

तर त्या दिवशी क्लार्कने खिडकीतून अर्ज सरकवला. मी पुन्हा म्हणालो, सायेब, हिच्याशी बोलायचं तर खुणाच लागतात, मी दारात बसतो, पायरीवर बसतो, कुठंबी बसतो.

तो वर न बघता म्हणाला, "नातेवाईक आत न्हाय. आन ह्यो शेवटचा बेड हाय, पावणं. स्पेशल काय असंल तर दुसरीकडं बघा."

मागे सुमनचा श्वास वाजत होता. तिला तो ऐकू येत नव्हता. मला येत होता.

अर्जात एक रकाना होता. रुग्णाची विशेष गरज. मी लिहिलं : काही नाही. खाली सही केली. वर क्लार्कला म्हणालो, "जमतंय की."

सुमनला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं. दारातून वळून तिने विचारलं, तू? मी खूण केली, येतोच.

तीन दिवस काही कळलं नाही. गेटवर विचारलं की उत्तर एकच, पेशंट स्थिर हाय. तिचा मोबाइल बंद. हजारो लोकांचे मोबाइल चालू करून दिलेल्या या माणसाने बायकोच्या पिशवीत चार्जर ठेवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी गेटवर दिला. तो आत गेला की नाही, देव जाणे.

चौथ्या दिवशी एका नर्सबाईंनी स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. भल्या होत्या. पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकमध्ये. त्यांनी फोन सुमनच्या चेहऱ्याजवळ धरला. चेहरा सुजलेला, त्यावर ऑक्सिजनचा मास्क, आणि डोळे असे मोठे.

मी म्हणालो, "बाई, हात दाखवा."

"सलाईन व्यवस्थित हाय काका, काळजी करू नका."

"सलाईन न्हवं. हात. तिचं हात दाखवा मला!"

त्यांनी फोन खाली नेला. दोन्ही मनगटं बँडेजने पलंगाच्या दांड्याला बांधलेली.

"सारखा मास्क काढायच्या. पालथं झोपा म्हणून किती ओरडून सांगितलं, ऐकतच न्हाईत. मग बांधायला लागलं."

मी ओरडलो, "ती बहिरी हाय! तिला ऐकूच येत न्हाय! ती हातानं बोलती!"

 बाई हळू म्हणाल्या, "मग कागदावर का न्हाय लिवलं, काका?"

 मी म्हणालो, "आधी तिचा हात सोडा, बाई."

त्यांनी उजवा हात सोडला.  सुमनने हात उचलला. बोटं सुजून बधिर झालेली, एकमेकांना चिकटलेली. तिने काहीतरी सांगितलं. एकदा. मग पुन्हा तेच. मला वाचता आलं नाही. पाणी म्हणाली असेल. घरी ने म्हणाली असेल. कदाचित विचारलं असेल, का बांधलंय? मी मान हलवली, कळल्यासारखी. तिला कळलं की मला कळलेलं नाही. बाईंना दुसऱ्या पेशंटकडे बोलावलं. कॉल संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

महिनाभराने केसपेपर हातात पडला. त्यावर एक इंग्रजी शब्द होता, दोन ठिकाणी. दुकानात आलेल्या कॉलेजच्या पोरीला अर्थ विचारला. ती म्हणाली, सहकार्य न करणारा.

पुढे हेही कळलं की दिव्यांग रुग्णाबरोबर सोबतीला एक माणूस राहू द्यावा, असा कागद वरून आलेला होता. आधीच आलेला. तो हॉस्पिटलच्या फाईलला लावलेला होता.

यानंतर मी सुधारलो असेन असं वाटेल. नाही. दिव्यांग दिनाला स्टेजवर जायचो, हसवायचो, शाल घ्यायचो. लोक म्हणायचे, एवढं दुःख असून किती आनंदी! मीही म्हणायचो, व्हय की.

गेल्या महिन्यात दिव्यांगांचा प्रतिनिधी म्हणून एका सरकारी बैठकीचं बोलावणं आलं. पुन्हा साथ आली तर काय करायचं, त्याचा आराखडा. साहेब नवे होते, तरुण, बोलायला गोड. म्हणाले, "काका, सुरुवातीला पाच मिनिटं तुमचं हलकंफुलकं होऊ द्या. सगळे जरा मोकळे होतील."

माझ्यासमोर आराखडा होता. जाडजूड, शेवटच्या पानावर आमच्या सह्यांसाठी जागा. त्यात आमच्यासाठी एक ओळ : दिव्यांग व इतर दुर्बल घटकांची विशेष काळजी घ्यावी. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. कुणी घ्यावी? कशी? त्या ओळीच्या आड सुमनचे बांधलेले हात सहज मावले असते.

सगळे माझ्याकडे बघत होते, हसायची तयारी करून. मी उठलो.

"हसवनार न्हाय," मी म्हणालो. "ह्या वळीत माझी बायको पुन्यांदा मरती."

मग सगळं सांगितलं. गेट, अर्ज, बँडेज. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी घेतला नाही.

साहेब म्हणाले, "भावना समजू शकतो. पण एवढ्या तपशिलात गेलो तर आराखडा पूर्णच होणार नाही. आणि काका, माफ करा, अर्जात 'काही नाही' हे तुम्हीच लिहिलं होतंत ना?"

 चार वर्षं मी स्वतःला रोज विचारत आलेला प्रश्न पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. आणि काय गंमत, ऐकल्यावर डोकं लख्ख झालं.

"व्हय, मीच लिवलं," मी म्हणालो. "बेड जाईल म्हणून लिवलं. खरं लिवलं असतं तर तुम्ही तिला आत घेतलं असतं का, तेवढं ह्या आराखड्यात लिवून द्या. मग मी सही करतो."

त्यांनी लिहून दिलं नाही. मी सही केली नाही. बैठक पुढे ढकलली.

पुढची बैठक येत्या सोमवारी आहे. मी एकटा जाणार नाही. सुमनबरोबर शाळेत शिकलेल्या आठ बायका बरोबर येतायत, सगळ्या कर्णबधिर. खुणा समजणारा दुभाषी आणा, असं लेखी कळवलंय. तरतूद नाही, असं उत्तर आलंय. तरी आम्ही जाणार. आराखड्याचं पानन् पान ह्या बायकांसमोर, त्यांच्या भाषेत वाचलं जाईल, नाहीतर आम्ही तो मंजूर होऊ देणार नाही. दारात बसायला लागलं तर बसू. उचलून बाहेर टाकलं तर पुन्हा येऊ.

अर्जावरचं ते अक्षर माझं आहे. ती चूक माझी आहे, मी मरेपर्यंत माझीच राहील. पण त्या चुकीच्या आड साहेबलोकांना लपू देणार नाही.