आक्कांची ओली खडी

अन्याय आक्कांवर झाला. गेल्या वर्षी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. त्या वेळी आक्का कुपवाडला फाउंड्रीत पहिल्या पाळीवर होत्या आणि आम्ही पाच जण, छातीला बिल्ले लावून, सांगलीतल्या त्यांच्या भाड्याच्या घरामागं परड्यात उभे होतो. डेंग्यूविरुद्धची मोहीम आमच्या मंडळाची. पत्रक मी लिहिलेलं. 'साठलेलं पाणी दिसलं की ओता. विचारत बसू नका.' आम्ही विचारत बसलो नाही. वरचा खडीचा वाफा बाजूला ढकलला, खडी सांडली, आणि निळं पिंप आडवं केलं.

पिंपात मासे होते.

हे आधीच लिहून टाकतो. पुढं मी आक्कांचं कौतुकच करणार आहे, आणि कौतुकाच्या आडून स्वतःची सुटका करून घेणारी माणसं मला आवडत नाहीत.

आमच्या कॉलनीत राहणाऱ्यांनी आक्कांना एकदा तरी पाहिलेलं आहे. लाईट गेली की त्या परड्यात पाटावर बसायच्या, पिंपातलं पाणी तांब्यानं उचलायच्या आणि हात उंच करून त्याच पिंपात सोडायच्या. लाईट येईपर्यंत हेच. समोरचे निवृत्त सुभेदार गॅलरीतून ओरडायचे, "आक्का, पाण्याला पाणी घालताय व्हय?"

"माशास्नी वारा घालतीया. तुमचा पंखा बंद पडला की तुमी वरडताय. ह्यास्नी वरडाय येत न्हाई."

लाईट गेली की पिंपातलं पाणी फिरवणारी मोटर थांबते, पाण्यात हवा मिसळत नाही, मासे गुदमरतात. म्हणून तो तांब्या.

मुळात हा खटाटोप कशाला, तर मातीसाठी. आमची कॉलनी वसली ती उसाच्या रानावर. पाणी पाजून पाजून ते रान क्षारपड झालं, मातीवर पांढरं मीठ फुटलं, पीक येईना, तेव्हा प्लॉट पाडून विकलं. उसाचा फायदा कुणी खाल्ला आणि पांढरी माती कुणाच्या दारात आली, हे ज्याचं त्यानं विचारावं. आक्कांनी परड्यात तीनदा मेथी टाकली, तीनदा जळाली. मग कारखान्यातल्या एका बाईनं फोनवर व्हिडिओ दाखवला. खाली मासे, वर खडीत भाजी. मोटर पाणी वर चढवते, ते खडीतून गाळून परत खाली पडतं. माशांची घाण हेच भाजीचं खत. आक्कांनी एकच प्रश्न विचारला, "माती नगं? मग जमतंय की."

शिकायचं कुणाकडून? कुणाकडूनच नाही. नदीवरच्या कोळ्याकडून चिलापी माशाची पिल्लं आणली, संध्याकाळी नळाच्या पाण्यात सोडली, सकाळी सगळी उताणी. पाण्यातलं औषध बाधलं. तेव्हापासून नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं आणि नाक लावल्याशिवाय वापरायचं नाही. दुसऱ्या खेपेला माया नडली. भाकरी चुरून चुरून घातली, पाणी कुजलं. पुन्हा उताणी. दर वेळी आक्का वास घ्यायच्या आणि मान हलवायच्या, जशी एखादी आमटी बिघडलीय.

ही वासाची सवय त्यांनी माझ्यावरही चालवली. गटारीबद्दलच्या निवेदनावर सही मागायला मी गेलो होतो. छान कडक निवेदन होतं. आक्कांनी ते वाचलंच नाही. "पुढारी, गटारीवर गेलावता का?" त्या मला पुढारीच म्हणायच्या.

"आक्का, सगळ्यांना माहीत आहे तिथली परिस्थिती."

"वास घे आधी, मग बोल."

गेलो. गटार तुंबली होती ती माझ्या कागदात लिहिलेल्या जागी नव्हतीच, दोन घरं पलीकडं होती. निवेदन नव्यानं लिहिलं. सही मिळाली.

तिसऱ्या खेपेलाही मासे मेले, तेव्हा त्यांना कळलं की दोष खडीचा आहे. नवी खडी कोरी असते. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढावे लागतात, तेच त्या घाणीचं खत करतात. मग आक्का मिरजेला शोभेच्या माशांच्या दुकानात गेल्या. मी बरोबर होतो, म्हणून हे ऐकीव नाही.

"कुठला मासा दावू, मावशी?"

"मासा नगं. ह्या टाकीतली मूठभर खडी दे. सगळ्यात जुनी."

"अवं, ती घाण हाय."

"तीच पायजे. दूध हाय माज्याकडं, विरजाण न्हाई."

दुकानदार माझ्याकडं बघून हसला. आक्कांनी खडी ओल्या फडक्यात बांधली, जेवणाच्या डब्यात ठेवली आणि बसमध्ये डबा मांडीवर धरून बसल्या. दीड महिन्यानं पालक आला. काळाभोर, हाताएवढ्या पानांचा. पहिली जुडी सुभेदारांच्या दारात. "घ्या. पाण्याला पाणी घातल्यालं."

मग शेजारच्या चार बायका मागं लागल्या. त्यांचीही परडी पांढरीच. आक्कांनी रहिमतपूरच्या लेकीला थोडी खडी आधी दिली होती, तिच्याकडं मासे छान वाढत होते. या चौघींना त्या म्हणाल्या, "गणपती होऊ द्या. माजी खडी पुरती मुरली की सगळ्यास्नी वाटती." चौघींनी पिंपं आणून धुऊन ठेवली.

आणि गणपतीच्या आधी आम्ही पोचलो.

साडेतीनला आक्का पाळीवरून आल्या. मी दारात थांबलो होतो, माफी पाठ करून. "आक्का, सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनं..." एवढंच बोललो. त्या माझ्या अंगावरून पुढं गेल्या, सांडलेल्या खडीपाशी उकिडव्या बसल्या आणि मूठ आवळून बघितली. फाउंड्रीत वाळूचे साचे करणारी बाई. ओल किती हे तिच्या मुठीला कळतं.

"ओली हाय."

"आक्का, मासे..."

"मासं गेलं ते दिसतंय मला. भिंतीकडची खडी बघ. वाळली तर मेली. पोतं भिजव. आन् बोलू नगं."

आम्ही दोघांनी गुडघ्यावर बसून खडी वेचली. भिजवलेल्या पोत्यात भरली, सावलीला ठेवली. मग त्यांनी मासे एकेक करून उचलले आणि भिंतीकडेला पांढऱ्या मातीत पुरले. "आता तरी हितं काय उगवतंय का बघू." मला वाटलं हसतायत. तोंडाकडं पाहिलं, हसत नव्हत्या.

रागावल्या एकदाच, हात धुताना. "तुज्या कागदात लिवलंय, विचारत बसू नका. का रं? विचाराय काय हुतंय? माज्या पिंपात डास कवाच न्हवतं. मासं अळ्या खात्यात." खरं होतं. त्याच सकाळी सुभेदारांच्या कूलरमध्ये अळ्या वळवळत होत्या आणि आम्ही त्यांच्या दाराला 'स्वच्छ घर'चं स्टिकर लावून आलो होतो, कारण त्यांनी चहा पाजला होता.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला रहिमतपूरला नेलं. लेकीच्या टाकीतून पिल्लं घेतली, दुधाच्या किटलीत घातली आणि परतीच्या पॅसेंजरमध्ये किटली आणि तांब्या माझ्या हातात दिला. रहिमतपूर ते सांगली मी पाणी उचलून पाणी सोडत होतो. कराडला चढलेल्या एका प्रवाशानं विचारलं, "दूध नासलं का काय?"

"मासं हायत," आक्का म्हणाल्या. "आन् ह्यो त्यांचा पंखा."

अख्खा डबा हसला. मी हात थांबवला नाही. सांगलीला उतरलो तेव्हा एकही पिल्लू उताणं नव्हतं. आक्कांनी किटलीत नाक घातलं, मग माझ्याकडं बघून फक्त "चल" म्हणाल्या. माझ्या नावावर मोर्चे आहेत, निवेदनं आहेत, भाषणं आहेत. त्यातलं एकही मला त्या 'चल'इतकं मोठं वाटत नाही.

खडी वाचली होती. दिवाळीनंतर चौघींच्या पिंपांवर आक्कांनी स्वतः वाफे बसवले. प्रत्येकीला तेच तीन धडे: पाणी उघडं ठेव, खायला कमी घाल, घाई करू नगं. आज त्या चारही घरांत पालक आहे, अंबाडी आहे. आमच्या मंडळाचं ते पत्रक मी रद्दीत घातलं.

आक्का आता इथं नाहीत. उन्हाळ्यात काम सुटलं. इतकी वर्षं वाळू उचलून खांदा गेला होता. त्या कायमच्या लेकीकडं गेल्या. जायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं तरी त्या परड्यातच होत्या, माशांना दाणे टाकत. घराला कुलूप लागलं, परड्याची किल्ली मला दिली. तेव्हापासून रोज सकाळी मी तिथं जातो. परडं रिकामं वाटतं. माझ्या पायांचा आवाज आला की मासे वर येतात, थोडं थांबतात आणि परत खाली जातात.

घरमालकाला तिथं गाड्यांसाठी शेड टाकायची आहे. "महिनाअखेर ती दगडं उचला," त्यानं सांगितलं. मी भांडलो. जागा त्याची आहे. जिला तो दगडं म्हणतो, ती खडी सिद्ध व्हायला एका बाईची तीन अपयशं आणि दोन वर्षं लागली, हे त्याला ऐकायचं नाही. माझ्या खोलीच्या गॅलरीत एक पिंप मावलं, ते मी भरलं. तरी अर्धा वाफा उरतोय. मोटर काढल्यावर ती खडी उन्हात दोन दिवस पडली तर नुसती खडी राहील.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगतो, विनंती करत नाही. तुमच्या परड्यात, गच्चीवर, जिन्याखाली एका पिंपाची जागा आहे. या रविवारी सकाळी आठपासून मी आक्कांच्या परड्यात आहे. माहिती नाही, वेळ नाही, पूर्वी कधी केलं नाही, ही सगळी कारणं आक्कांकडंही होती. पिंप धुऊन ठेवा आणि खडीसाठी ओलं फडकं घेऊन या.