चाळीस खाटांचा एकच रेडिओ

आमच्या क्षयरोग्यांच्या दवाखान्यात रेडिओ एकच होता, आणि तो क्लिफर्ड हेगच्या ताब्यात. जिन्याखालच्या त्याच्या खोलीतून वायरी निघायच्या त्या बायकांच्या आणि पुरुषांच्या वॉर्डांतल्या चाळीस खाटांपर्यंत. प्रत्येक उशाशी हेडफोन टांगलेला. क्लिफर्ड लावील ते सगळ्यांनी ऐकायचं.

तसा तो साधा पोर्टर. स्ट्रेचर ढकलायचा, कोळसा वाहायचा, गेलेल्या माणसाला खाली न्यायचा. पण कुणी विचारलं तर सांगायचा, "मी इथला रेडिओ बघतो." पेपरातलं कार्यक्रमांचं पान कापून, लाल पेन्सिलीने खुणा करून तो दारावर चिकटवी. सकाळी प्रार्थना, मग घरकाम करणाऱ्या बायकांसाठी गाणी, दुपारी कुठल्याशा कारखान्याच्या कॅन्टीनमधली मैफल, शेतकऱ्यांसाठी बटाट्यावरच्या रोगांची माहिती, संध्याकाळी बातम्या आणि नाटक. अंथरुणात पडून पडून बटाट्याचे रोग आम्हाला तोंडपाठ झाले होते.

बायकांच्या वॉर्डात हिल्डा सगडन होती, गिरणीतली विणकरीण. लहान मुलांना आत सोडत नसत. नऊ वर्षांच्या आपल्या मुलीला, मुरियलला, तिने वर्षभरात पाहिलं ते फक्त खिडकीतून, खाली हिरवळीवर हात हलवताना. त्या मुरियलने रेडिओला पत्र लिहिलं आणि उत्तर आलं, की ऑगस्टातल्या पहिल्या मंगळवारी, चार वाजता, आजाऱ्यांच्या फर्माइशीत तुझा निरोप वाचू.

"क्लिफर्ड, विसरणार नाही ना?" हिल्डा रोज विचारी.

"बाई, एक वेळ मी माझं लग्न विसरेन," तो म्हणे.

त्याच मंगळवारी यॉर्कशायर आणि लँकेशायरचा क्रिकेटचा सामना होता, शेवटचा दिवस. मला तेव्हा हिंडाफिरायची परवानगी मिळाली होती आणि चहाची गाडी ढकलायचं काम माझ्याकडे होतं. सव्वाचारला मी क्लिफर्डच्या खोलीत डोकावलो. फर्माइशीत कुणा ग्लासगोच्या आजोबांसाठी बॅगपाइप चालला होता.

"लँकेशायरची एकच विकेट उरलीय म्हणे," मी म्हणालो. "दोन मिनिटं लावा की."

"सगडनबाईंचं व्हायचंय अजून."

"अहो, हा बॅगपाइप संपेपर्यंत! यॉर्कशायरचेच ना तुम्ही?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बटण फिरवलं. एक ओव्हर झाली, मग दुसरी. चेंडू पॅडला लागला, आम्ही दोघे ओरडलो, पंच काही बोलेना. शेवटची विकेट पडलीच नाही. क्लिफर्डने बटण परत फिरवलं तेव्हा फर्माइशीचा निवेदक सगळ्यांचा निरोप घेत होता.

चहा घेऊन मी बायकांच्या वॉर्डात गेलो. क्लिफर्ड माझ्यामागून आला. हिल्डाने केस विंचरले होते, ओठांना लाली लावली होती. हेडफोन अजून कानांवरच होते.

"क्लिफर्ड, मधेच क्रिकेट कुठून आलं हो?"

"तिकडूनच काहीतरी घोटाळा झाला, बाई. लंडनहून."

"तुम्ही तरी काय करणार! उगाच रोज तुमच्या मागे लागले मी."

क्लिफर्डचे कान लाल झाले. मी कपात दूध ओतत राहिलो. कप भरून दूध बशीत सांडलं तरी ओततच होतो.

शनिवारी सुट्टीच्या दिवशी तो कोट घालून, बस पकडून हिल्डाच्या घरी गेला. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. दार मुरियलने उघडलं.

"आई रडली का?" तिने पहिलं हेच विचारलं.

"आईने ऐकलंच नाही, पोरी. मी क्रिकेट लावलं होतं." मग खिशातून कागद-पेन्सिल काढून तो म्हणाला, "काय निरोप होता ते सांग. मी शब्दन् शब्द पोचवतो."

"ते रेडिओने सांगायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही नाही." आणि आत निघून गेली.

शेवटी मुरियलच्या आजीने दारातच, हलक्या आवाजात तो निरोप सांगितला आणि त्याने लिहून घेतला.

रविवारी चहाच्या वेळी तो हिल्डाच्या खाटेशी उभा राहिला आणि सगळं बोलला, लंडनचं खोटंसुद्धा. ती ऐकून घेत होती.

"तुमच्याच मनाने लावलंत?"

"माझ्याच."

मी चार हात अंतरावर होतो. त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. 'मी सांगितलं होतं लावायला' एवढंच म्हणायचं होतं मला. मी गाडी पुढच्या खाटेकडे ढकलली.

"वाचा," हिल्डा म्हणाली.

क्लिफर्डने चष्मा लावला. "आई, मला आता वेणी माझी मला घालता येते. तू आलीस की तुझीपण घालीन." त्याचा आवाज घोगरा, वाचणं अडखळत. हिल्डाने कागद मागून घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि तो जाईपर्यंत वळली नाही.

रेडिओचं काम त्याने सिस्टरना सांगून सोडलं. कुणी कारण विचारलं तर तो कोळशाची बादली उचलून चालू लागे.

हिल्डा पुढच्या एप्रिलात बरी होऊन घरी गेली. निघताना तिने सगळ्यांशी हात मिळवले. क्लिफर्डशीही मिळवला, पण त्याच्याशी बोलली नाही. माझा हात मात्र दोन्ही हातांत धरून म्हणाली, "फार चांगला चहा पाजलास रे, बाबा."

मी "थँक यू" म्हणालो.