वाढत्या अंगाचं जॅकेट

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची आणायची नाही, हा नवऱ्याचा कायदा. सगळं वाढत्या अंगाचं. लेक पहिलीला गेली तेव्हा शाळेचा फ्रॉक पार पोटरीपर्यंत आणि बुटांच्या टोकात कापूस कोंबलेला. आता 'वाढतं अंग' हे शब्द कुणी उच्चारले तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

लेक बारा वर्षांची, पोहण्यात पटाईत. गंगापूर धरणावर वॉटर स्कीइंग शिकवतात हे तिला मैत्रिणीकडून कळलं आणि तिने घर डोक्यावर घेतलं. बोटीमागे दोरी धरून पाण्यावरून घसरत जायचं! गेलो बघायला. पायात घालायच्या स्की आणि दोरी त्यांचीच होती. लाइफ जॅकेटंही होती, पण शी! शेडमध्ये ओला ढीग, बुरशीने काळा पडलेला, कॉलरला कुणाकुणाच्या डोक्याचं तेल. एक उचललं तर आतून मेलेलं झुरळ पडलं. मी ते तिथेच टाकून दिलं. शिकवणारे सर म्हणाले, "ताई, तिच्यासाठी स्वतंत्र घ्या. आणि अगदी घट्ट घ्या, अंगाबरोबर."

कॉलेज रोडच्या दुकानात लेकीने लहान साइज घातला. चेन लावली, वाकली, उड्या मारल्या. चेहरा नुसता फुललेला. नवरा म्हणाला, "एवढं आवळलेलं? दिवाळीपर्यंत आखूड होईल."

"अहो, सरांनी घट्टच सांगितलंय."

"मग पट्टे कशाला दिलेत? आवळायचे."

दुकानदाराने लगेच री ओढली, "साहेबांचं बरोबर आहे. वाढतं अंग आहे." काय ते लाळघोटं हसू! मी भांडत राहिले आणि तोवर मोठं जॅकेट पिशवीत गेलंसुद्धा.

रविवारी धरणावर पोचलो. लेक तयार होत होती, म्हणून मी तिची टोपी आणायला गाडीकडे गेले. परत आले तर सर जॅकेट समोरून ओढून बघत होते. "हं, बसलंय घट्ट," म्हणाले. मला नवल वाटलं. म्हटलं, चला, पट्ट्यांनी काम झालं म्हणायचं.

बोट निघाली. लेक पाण्यातून वर आली, जरा वेळ चक्क उभी राहिली आणि धाडकन पडली. त्यात काही विशेष नाही, सगळेच पडतात. पण ती वर येईना. वर आलं ते जॅकेट. दोन हात आणि मधे नारिंगी गठ्ठा, डोकंच दिसेना. शेजारी एक टॉवेल तरंगत होता. पिवळ्या पट्ट्यांचा, आमच्या बाथरूममधला.

सरांनी उडी टाकली आणि तिला बगलेत धरून बोटीत घेतलं. काठावर आणल्यावर ती माझ्या पायांवर ओकली. धरणाचं पाणी, सकाळचे पोहे, सगळं. त्याची मला जराही किळस आली नाही. किळस आली ती शेजारी, बोटीतून आलेला तो टॉवेल पिळत उभ्या असलेल्या माणसाची.

"ढिलं दिसलं असतं तर सरांनी तिला सोडलं नसतं," तो म्हणाला. "म्हणून पोटाशी घडी घातली. बुटात नाही का कापूस घालत आपण?"

"अहो, बुटात कुणी बुडतं का?" मी किंचाळले.

"हळू बोल. लोक बघताहेत."

लोक! पोरगी काठावर बसून थरथरतेय आणि ह्याला लोकांची पडलीय! सर तर पांढरेफटक पडले होते. त्यांनी लेकीला हात वर करायला लावले, जॅकेट खांद्यांना धरून वर ओढलं. ते सरळ डोक्यावरून निघून आलं. "घालताना हे बघायचं असतं. आज माझ्याकडून राहिलं," एवढंच ते बोलले.

संध्याकाळी लेक हळूच म्हणाली, "टॉवेल आहे ते मला माहीत होतं, आई. बाबा म्हणाले, आईला कळलं तर तुझं शिकणं बंद. मला शिकायचं होतं ना."

त्या क्षणी मला ह्या माणसाचा, त्याच्या काटकसरीचा, त्याच्या 'वाया जायला नको'चा असा वीट आला की मी जेवलेच नाही. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन त्याच दुकानात गेले आणि लहान साइज आणला. दुकानदार काहीतरी बोलायला लागला. मी नुसतं बघितलं, तसा बिल करायला लागला.

पुढच्या रविवारी नवरा सकाळीच आंघोळ करून तयार, जणू काही झालंच नव्हतं. गाडीची किल्लीसुद्धा हातात. लेक नवं जॅकेट घालून त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने हात वर केले.

"बाबा, खांद्यांना धरून ओढा."

त्याने कसंनुसं हसत चिमटीत धरून ओढलं.

"जोरात."

त्याने ओढलं. जॅकेट हललं नाही.

"अजून जोरात."

तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या, तरी तिने हात खाली घेतले नाहीत. मग त्याच्या हातातली किल्ली काढून तिने माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही घरीच थांबा."